दिव्यांचं गाव आणि आबांचा निकाल

आमच्या कॉलेजच्या वार्षिकांकासाठी अमेरिकेतल्या एखाद्या ठिकाणाविषयी लिहून पाठव, असं ग्रंथपाल सरांचं पत्र आलं, तेव्हा ते मी दोन आठवडे टेबलावर तसंच ठेवून दिलं. प्रवासाबद्दल लिहिणारी माणसं पुष्कळ हिंडलेली असतात, त्यांना चार गावांची तुलना करता येते. मी करमाळ्याहून सोलापूरला शिकायला गेलो आणि तिथून एकदम शिकागोजवळ येऊन पडलो. मधलं काहीच पाहिलेलं नाही. ज्यानं अजून ताजमहाल पाहिला नाही, त्यानं लास व्हेगसविषयी लिहावं, हे मला स्वतःलाच आगाऊपणाचं वाटतं. त्यातून ते जुगाराचं गाव. वाचकांनी सांभाळून घ्यावं, एवढीच विनंती.

आणखी एक सांगायला हवं. या लेखात माझ्या वडिलांविषयी बरंच आलं आहे. ते मी त्यांना पत्रानं विचारून लिहिलं आहे. "लिही की, त्यात लपवण्यासारखं काय आहे," असं त्यांचं उत्तर आलं. त्यांच्या बाजूनं खरंच काही नव्हतं. लपवलं होतं ते मी.

फिरतं घर

आमचे आबा करमाळ्यात वीज मंडळाचे लाइनमन आहेत. करमाळ्याचे जे वाचक असतील ते त्यांना ओळखतातच, बहुतेकांनी त्यांना खालून वर मान करून पाहिलेलं आहे. आबा सातवीनंतर शाळेत गेले नाहीत. सव्वीस वर्षं खांबावर चढून त्यांचे गुडघे आता दुखतात. फोरमन झाले तर चढणं सुटेल, पण त्यासाठी दहावी पास असणं लागतं आणि वयाची अटही आहे. म्हणून तीन वर्षांपूर्वी माझ्याच आग्रहावरून त्यांनी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. दोनदा नापास झाले. यंदा तिसरी वेळ. बीजगणित मी त्यांना इथून पत्रातून शिकवत होतो. निळ्या आंतरदेशीय कागदावर समीकरणं बसत नाहीत, म्हणून मी आकडे मुंगीएवढे काढायचो आणि आबा ते भिंग लावून वाचायचे. यंदाच्या, म्हणजे १९८५ च्या, जूनमध्ये निकाल लागायचा होता.

नेमका त्याच महिन्यात जोगळेकर काकांनी मला विचारलं, "दत्ता, येतोस का आमच्याबरोबर वेस्टला? मोठी गाडी आहे, दुसरा ड्रायव्हर लागेल."

जोगळेकर काका नेपरव्हिलला डॉक्टर आहेत, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणारे. काकू मूळच्या पुण्याच्या. त्यांची मुलगी अंजली बारा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मी इथे आलो त्या पहिल्या थंडीत काकूंनी मला जेवायला बोलावलं होतं आणि तेव्हापासून दर रविवारी माझं पान तिथेच असतं. अशा माणसांशी मी खोटं बोललो होतो. खरं तर बोललोही नव्हतो. त्या पहिल्या जेवणाच्या वेळी कुणीतरी विचारलं, वडील काय करतात? मी म्हटलं, वीज मंडळात आहेत. "इंजिनिअर का?" माझ्या तोंडात पुरणपोळीचा घास होता. घास संपेपर्यंत माझे वडील इंजिनिअर झालेले होते.

एकदा असं झालं की पुढचं आपोआप होत जातं. घरात दहावीचा निकाल आहे, असं मी सांगितलं, तेव्हा काकूंनी धाकटा भाऊ गृहीत धरला. तिसऱ्यांदा बसला आहे हेही माझ्या तोंडून गेलं. मग या न जन्मलेल्या भावासाठी सल्ले सुरू झाले. काकू म्हणाल्या, रोज सकाळी पाच बदाम भिजवून द्यायला सांग. काका म्हणाले, त्याचं क्रिकेट बंद करा आधी. मी मान हलवत राहिलो.

मी वसतिगृहाची खोली उन्हाळ्यापुरती सोडली होती. म्हणून निकालाची तार काकांच्या पत्त्यावर यायची होती. काकूंची धाकटी बहीण, मालूमावशी, त्यांच्या घरी राहायला आली होती. मी वाटेतून फोन करून तिला विचारायचं, असं ठरलं.

आता गाडीविषयी. इथे तिला आरव्ही म्हणतात. आपल्या एसटीहून थोडी लहान, पण आत पलंग, ओटा, फ्रिज, पाण्याची टाकी आणि संडास. भाड्यानं मिळते. अमेरिकन म्हातारी माणसं घरदार विकून अशा गाडीत राहायला जातात, हे मला पहिल्यांदा ऐकताना खरं वाटलं नव्हतं. काकूंनी गाडी पाहिली, ओट्यावरच्या फळीवर आपले चार देव मांडले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की फळीच्या पाठीमागची भिंत संडासाची आहे. देव हलवायला दुसरी जागा नव्हती. तेव्हा संडासच बंद झाला. त्यात बुटांची आणि बॅगांची रास भरली गेली आणि दाराला सुतळी बांधली गेली. काका म्हणाले, "अगं, आपण त्याचंच तर भाडं भरतोय." काकूंनी सुतळीला आणखी एक गाठ मारली. त्यामुळे इलिनॉयपासून नेवाडापर्यंत आम्ही दर पेट्रोल पंपावर थांबलो. अमेरिकेतल्या पेट्रोल पंपांविषयी मला आज जेवढी माहिती आहे तेवढी दुसऱ्या कशाविषयीही नाही.

पहिली संध्याकाळ

चौथ्या दिवशी युटाचे तांबडे डोंगर ओलांडून आम्ही वाळवंटात उतरलो. वाळवंट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या होत्या. हे तसं नव्हतं. आमच्याकडचा उन्हाळ्यातला माळ घ्यावा, त्यावरची बाभळ आणि बोर उपटून टाकावी, माणूस आणि शेळी काढून घ्यावी, आणि उरेल ते क्षितिजापर्यंत पसरावं. गुडघ्याएवढी करडी झुडपं, आणि तीही एकमेकांपासून हातभर अंतर राखून उभी, जणू पाण्यावरून भांडण झालेलं आहे. खिडकी उघडली तर तव्याची वाफ आत आल्यासारखं होई.

गाडी मी चालवत होतो. सूर्य डोंगराआड गेला, आकाश आधी केशरी आणि मग जांभळं झालं. एक चढ संपला आणि समोरची सगळी दरी खाली उघडी पडली. त्या दरीत दिवे होते.

याचं वर्णन मला नीट जमणार नाही. मी शिकागो पाहिलं आहे, तिथेही दिवे आहेत, पण तिथे ते घरांचे आणि रस्त्यांचे असतात. आजूबाजूला शंभर मैल काहीही नाही, आणि मधोमध कुणी निखाऱ्यांची पाटी उलटी केली आहे, असं ते दिसत होतं. आणि हे निखारे हलत होते. काका म्हणाले, "दत्ता, समोर बघ, समोर बघ," आणि लगेच, "अरे, रस्त्याकडे बघ!"

मुख्य रस्त्यावर आलो तेव्हा तर दिवस उगवल्यासारखं झालं. दहा दहा मजली जाहिरातीच्या पाट्या. गुलाबी पिसं उघडतात, मिटतात. सोनेरी पाणी वरून खाली वाहतं, पण पाणी नाही, बल्ब आहेत. एका इमारतीच्या कपाळावरून ओळीनं दिवे धावत येत आणि रस्त्यावर उडी मारतील असं वाटेपर्यंत येऊन विझत. अंजलीनं नाक काचेला लावलं होतं. काकू हात जोडल्यासारखे करून बसल्या होत्या, आपले हात जोडलेले आहेत हे त्यांना ठाऊक नसावं.

करमाळ्यात उन्हाळ्यात संध्याकाळी वीज जाते. दोन तासांनी येते तेव्हा गल्लीगल्लीतून "आले" असा ओरडा होतो आणि आम्ही भावंडं घरात एकमेकांकडे पाहायचो, कारण तो ओरडा आमच्या आबांमुळे झालेला असायचा. इथे कुणी ओरडत नव्हतं. माणसं त्या उजेडाखालून आइस्क्रीम खात चालली होती. मी नकळत खांब शोधत होतो. एवढी वीज कशावरून येते? खांब कुठेच नव्हते. अंजलीला विचारलं तर ती म्हणाली, "व्हॉट पोल्स?"

त्या संध्याकाळी मी मालूमावशीला फोन केला. तार आली नव्हती.

एक हात मागे

आमची गाडी एका मोठ्या कॅसिनोच्या मागच्या तळावर लावली होती. तिथे ओळीनं शंभरेक आरव्ही उभ्या होत्या. प्रत्येक गाडीशेजारी विजेचा एक बुटका खांब, पाण्याचा नळ आणि लाकडी टेबल. खांबात गाडीची वायर खुपसायची की आत एअर कंडिशनर चालू. तो नसेल तर जूनच्या दुपारी आत माणूस शिजेल.

काकूंची अडचण वेगळीच होती. गाडीत फोडणी टाकली की धुराची घंटा वाजायची. मोहरी तडतडायचा अवकाश, वर छतात ती किंचाळायला लागायची. म्हणून काकूंनी विजेची शेगडी बाहेरच्या टेबलावर मांडली. शेजारी विजेवरचाच भाताचा कुकर. आत एअर कंडिशनर पूर्ण जोरात, कारण देवांनाही उकडत असणार असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या सकाळी अकराच्या सुमारास त्यांनी आमटीला फोडणी दिली आणि शेगडी, कुकर, थंड हवा, सगळं एकदम बंद झालं. आमचंच नव्हे, शेजारच्या दोन गाड्यांचंही. आतून माणसं बाहेर आली. हिंगाचा वास मात्र जायचं नाव घेईना.

मी रांगेच्या टोकाच्या मोठ्या पेटीकडे धावलो. अंजली चिरलेल्या कोथिंबिरीची वाटी हातात घेऊन माझ्या मागे. मी पेटीचं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि खाली पडलेला खटका एका हातानं वर केला. तीनही गाड्या घुरघुरायला लागल्या.

"तो दुसरा हात मागे ठेवायला तुला कुणी शिकवलं?"

मागे एक म्हातारा गोरा माणूस उभा होता. खाकी अर्धी चड्डी, उन्हानं भाजलेल्या लाल पोटऱ्या, पायात जाड बूट. त्यानं इंग्रजीत विचारलं तेव्हा मला कळलं की माझा डावा हात पाठीमागे, कमरेच्या पट्ट्यात अडकवलेला आहे. आबांनी आम्हाला लहानपणापासून हे शिकवलं आहे. विजेच्या पेटीत कधी दोन हात घालायचे नाहीत. एक हात मागे. झटका बसला तरी तो छातीतून आरपार जात नाही. मी ते इतकं करतो की आता दिव्याचं बटण दाबतानाही हात मागे जातो.

मी म्हटलं, "वडिलांनी."

"लाइनमन?"

समोर अंजली उभी होती. मी क्षणभर तिच्या वाटीतल्या कोथिंबिरीकडे पाहिलं. त्या म्हाताऱ्यानं प्रश्न असा विचारला होता, की जणू तो एखादा मोठा हुद्दा आहे.

"हो," मी म्हटलं. "लाइनमन. सव्वीस वर्षं."

त्याचं नाव वॉल्ट. तो स्वतः ओक्लाहोमात एकतीस वर्षं लाइनमन होता. आपल्याकडे खांबावर कसे चढतात हे त्यानं मला इतकं खोदून विचारलं, की मी तिथेच मातीत बोटानं चित्र काढून दाखवलं. दोरीचा फास, अनवाणी पाय, पट्टा असला तर पट्टा. त्यानं टोपी काढून डोकं पुसलं. मग मी न विचारताच बोललो. एकदा दार उघडल्यावर मला ते लोटता येईना. वडील यंदा दहावीच्या परीक्षेला बसले आहेत, तिसऱ्यांदा, आणि मी निकालाची वाट पाहतो आहे, हे सगळं सांगून टाकलं. बायको वारल्यानंतर वॉल्ट गाडीतच राहायला लागला होता. तो म्हणाला, "मी आठवीत शाळा सोडली. आता कुणी मला त्या बाकावर बसवलं, तर मी खांबावरून उडी मारीन." थोड्या वेळानं म्हणाला, "तुझ्या वडिलांना सांग, मला धीर झाला नसता."

जाताना त्यानं विचारलं, मी सकाळी इथल्या पाट्यांचे बल्ब बदलायला जातो, तुला आतून बघायचं आहे का?

बुफे

संध्याकाळी आम्ही कॅसिनोत जेवायला गेलो. तिथे बुफे असतो, म्हणजे आपल्या हातानं वाढून घ्यायचं, कितीही. तिथे पोहोचायला जुगाराच्या दालनातून चालत जावं लागतं. गालिचा इतका मऊ की पाय कुठे पडतो कळत नाही. हजारभर यंत्रं खणखणत असतात. आजीच्या वयाच्या बायका उंच स्टुलांवर बसून एका मागून एक दांडा ओढत होत्या. काहींच्या उजव्या हातात मोजा होता, नाणी हाताळून बोटं काळी होतात म्हणून. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता आणि दुःखही नव्हतं, दळण दळताना असतो तसा चेहरा. अंजली बघत थांबली तर पहारेकऱ्यानं अदबीनं सांगितलं, लहान मुलांनी थांबायचं नाही, चालत राहायचं.

काकूंनी एक नाणं टाकून दांडा ओढून पाहिला. यंत्रातून नाण्यांचा असा धबधबा सुरू झाला की त्या दचकून मागे सरल्या. "अहो, मी मोडलं वाटतं हे," असं काकांना म्हणाल्या आणि भरभर चालू लागल्या. मोजा घातलेली एक आजी कागदी पेला भरून आमच्यामागे धावत आली. काकूंनी तो तिलाच देऊन टाकला. देवांच्या गाडीत तो पैसा त्यांना नको होता. आजीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू समोर कुणी वेडी नाहीतर साध्वी आहे.

बुफेत पंचवीस हात लांब टेबलं होती. बर्फाचा कोरलेला हंस, त्याच्या पंखांत टरबूज. मी एवढं अन्न एका जागी कुठल्याही लग्नात पाहिलं नव्हतं. काकूंनी प्रत्येक पदार्थापाशी थांबून यात मांस आहे का, असं विचारलं आणि शेवटी कुस्करलेला बटाटा, मका आणि टरबूज घेऊन त्या बसल्या. आम्ही जेवायला सुरुवात केली. तेवढ्यात अंजली काटा खाली ठेवत म्हणाली, "मॉम, यू नो व्हॉट? दत्तादादाज् डॅड इज इन टेन्थ ग्रेड. इजन्ट दॅट नीट?"

तिला ते खरोखरच छान वाटलं होतं. माझ्या हातातला पाव हातातच राहिला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. धाकटा भाऊ नाही, मला दोन बहिणी आहेत. परीक्षेला आबा बसले आहेत. ते इंजिनिअर नाहीत, लाइनमन आहेत. एवढी चार वाक्यं बोलायला मला किती वेळ लागला ते आठवत नाही, पण त्या वेळात शेजारच्या टेबलावरचं कुटुंब उठून दुसरं आलं.

काकू म्हणाल्या, "म्हणजे मी बदाम कुणाला सांगत होते?"

"आणि मी त्यांचं क्रिकेट बंद केलं," काका म्हणाले.

अंजली हसायला लागली. काका हसू दाबायला पाणी प्याले आणि त्यांना ठसका लागला. मीही हसलो असेन, पण काकू हसल्या नाहीत. त्यांनी बटाटा बाजूला सारला.

"दत्ता, आमच्यापाशी सांगायची लाज वाटली तुला? असं काय पाहिलंस रे आमच्यात?"

  त्यांच्यात मी काहीच वाईट पाहिलं नव्हतं. मी फक्त त्यांचे गालिचे पाहिले होते, आणि त्या गालिच्यांवर आबांना उभं करून बघायचं धाडस मला झालं नव्हतं. मी म्हटलं, "चुकलं, काकू." त्या म्हणाल्या, "माझी माफी कशाला मागतोस? जेव आता, गार होतंय." आणि उठून माझ्यासाठी आणखी पाव घेऊन आल्या.

काकांनी मग एखाद्या रोग्याची चौकशी करावी तसं विचारलं, कुठला विषय कच्चा आहे त्यांचा? मी म्हटलं, बीजगणित आणि इंग्रजी. मराठी, इतिहास दोन्ही वेळा सुटले होते, पण त्यांनी सगळे विषय पुन्हा द्यायचं ठरवलं होतं.  "सेहेचाळीसाव्या वर्षी बीजगणित," काका पुटपुटले. त्यानंतर कुठे फोन दिसला की माझ्याआधी तेच विचारायला लागले, "फोन केलास?"

पाटीच्या पोटात

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला वॉल्ट मला घेऊन गेला. काकूंनी त्याच्यासाठी थालीपिठांचा डबा दिला होता. तो त्यानं वाटेतच उघडून संपवला आणि तिखटानं डोळे पुसत पुसत गाडी चालवली.

दिवसा ते गाव ओळखू येत नाही. रात्रीची गुलाबी पिसं म्हणजे मळकट पत्रा. सोनेरी धबधबा म्हणजे गंजलेल्या चौकटीत खोचलेले हजारो बल्ब. मला वाटलं होतं, हे बघून मन उतरेल. तसं झालं नाही. एका पाटीच्या पायथ्याशी लोखंडी दार होतं. वॉल्टनं ते उघडलं, माझ्या डोक्यावर शिरस्त्राण ठेवलं आणि आम्ही शिडीनं वर चढलो. ती पाटी आतून पोकळ आहे, एखाद्या विहिरीसारखी, फक्त वर जाणारी. दर मजल्याला जाळीचा कठडा. चारी बाजूंनी वायरींचे जुडगे, त्यांना बांधलेल्या चिंध्या, चिकटपट्ट्या, आणि नळ्यांच्या दिव्यांचे ट्रान्सफॉर्मर. ते सगळे मिळून आग्यामोहळासारखे गुणगुणत होते. आमच्या घरामागच्या डीपीचा आवाज असाच, पण ती एकटी असते. इथे तिचं सगळं गोत जमलं होतं.

कठड्यावर मेलेल्या पाखरांचा थर साचलेला होता. एका प्रचंड अक्षराच्या पाठीमागे चिमणीनं घरटं केलं होतं. थंडीत इथे ऊब असते, वॉल्ट म्हणाला. तो भराभर बल्ब फिरवून काढत होता, थैलीत टाकत होता, नवा लावत होता, आणि त्याचा दुसरा हात कायम मागे होता. ज्या भोकातून बल्ब निघे तिथून क्षणभर उन्हाचा दांडा आत येई. मी एका भोकाला डोळा लावला. समोर थेट डोंगरापर्यंत वाळवंट होतं, करडं, कोरडं, काहीही न मागणारं. आणि मी त्या गावाच्या सगळ्यात लखलखीत गोष्टीच्या पोटात उभा होतो, जिथे घाम होता, पाखरं होती आणि एक म्हातारा माणूस होता. मला जेवढं आश्चर्य दिवे समोरून बघताना वाटलं होतं, त्याहून जास्त इथे वाटलं.

आतल्या पत्र्यावर पेन्सिलीनं नावं लिहिलेली होती. या पाटीत जो पहिल्यांदा चढतो तो नाव लिहितो, अशी त्यांची रीत आहे. वॉल्टनं मला पेन्सिल दिली. मी देवनागरीत लिहिलं, तुकाराम ढवळे, लाइनमन, करमाळा. "हे तुझं नाव?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नाही. तो पुढचा बल्ब काढायला लागला.

धरण

त्याच दिवशी दुपारी आम्ही गावापासून तासाभरावरचं मोठं धरण बघायला गेलो. दोन काळ्या कड्यांच्या मध्ये नदी अडवली आहे.  काका उजनीशी तुलना करायला निघाले आणि मध्येच थांबले. मला मात्र भिंतीपेक्षा दुसरंच दिसलं. दरीच्या काठावर विजेचे मनोरे आहेत, आणि ते सरळ उभे नाहीत. खालून वर येणाऱ्या तारा कड्याला लागू नयेत म्हणून ते दरीवर ओणवे झालेले आहेत, आडात डोकावणाऱ्या माणसासारखे. त्या तिरक्या मनोऱ्यावर चढून पहिली तार कुणी ओढली असेल, त्याच्या पायाखाली काय दिसत असेल, या विचारानं माझ्या तळपायांना घाम आला. जे खांब मी पहिल्या संध्याकाळपासून शोधत होतो, ते इथे होते.

गाड्या उभ्या करायच्या जागेशी एक फोन होता. काका म्हणाले, फोन केलास? मी नंबर फिरवला. मालूमावशी म्हणाली, तार आली आहे. तिनं ती वाचून दाखवली. एक विषय राहिला, सविस्तर पत्र पाठवतो, काळजी नसावी.

मी फोन ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं. काकूंनी विषय कोणता, असं विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. मला तो माहीतच होता. जो विषय मी मुंगीएवढ्या आकड्यांत शिकवला होता तोच. परीक्षेच्या आधीच्या महिन्यात माझ्या स्वतःच्या परीक्षा होत्या आणि मी दोन पत्रं टाळली होती. तिथून नेपरव्हिलपर्यंत चार दिवसांत मी गाडी चालवत मनात ती दोन पत्रं लिहीत होतो. त्या चार दिवसांतलं मला फारसं काही आठवत नाही, म्हणून इथे लिहीत नाही. एवढंच आठवतं की वायोमिंगमध्ये कुठेतरी काकूंनी देवांसमोर उदबत्ती लावली, धुराची घंटा वाजली, आणि त्यांनी ती वाजू दिली.

पत्र

नेपरव्हिलला पोहोचलो त्यानंतर सहाव्या दिवशी पत्र आलं. मालूमावशीनं ते माझ्या हातात दिलं. निळा कागद, आबांचं खालून वर चढत जाणारं अक्षर. मी ते जिन्यावर बसून वाचलं, मग काकूंना दिलं, आणि त्यांनी ते सगळ्यांसाठी मोठ्यानं वाचलं. त्यातला महत्त्वाचा भाग आबांच्या परवानगीनं तसाच देतो.

"चि. दत्तास अनेक आशीर्वाद. बीजगणितात एकेचाळीस पडले. इंग्रजीत अडतीस. बाकीचे पण सुटले. मराठीत राहिलो. तुला खरं वाटणार नाही, तुझ्या आईलाही वाटलं नाही. झालं असं की पेपरात निबंधाला तीन विषय होते. त्यात एक होता, मी विजेचा खांब बोलतोय. मला वाटलं हे आधी उरकावं, आपल्याला येतं. खांब कुठल्या जंगलातला, कुणी तोडला, गाडीतून कसा आला, खड्डा कुणी खणला, असं लिहीत गेलो. पुरवण्या मागून घेतल्या. मास्तर दोनदा येऊन म्हणाले, ढवळे, पुढचे प्रश्न बघा. मी म्हटलं, बघतो. घंटा झाली तेव्हा खांब नुसता उभा राहिला होता, तार चढायची बाकी होती. धडे, कविता, व्याकरण, सगळं कोरं गेलं. साहेबांना भेटलो. फोरमनची यादी डिसेंबरात लागणार आहे, तोवर निकाल आणा म्हणाले. ऑक्टोबरचा फॉर्म भरला आहे. तू काळजी करू नको. या वेळी निबंध शेवटी घेणार."